हातपाय गरम झाले का? महाडचा लाल विंचू, एक गोळी आणि तिचा पुरावा

कोकणात विंचू चावणं ही काही बातमी नव्हे. जांभ्याच्या चिऱ्यांचे गडगे, पावसाळ्यासाठी रचून ठेवलेली लाकडं, गोठ्याच्या माळ्यावरचा पेंढा, जुनी कौलं या सगळ्या त्याच्या राहण्याच्या जागा. एप्रिल ते जून आणि पाऊस सरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्याचे दिवस. बहुतेक विंचवांनी नांगी मारली की माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळी कामाला लागतो. लाल विंचवाचं तसं नाही. लांबीला तो जेमतेम बोटभर, पण त्याच्या दंशानं धडधाकट शेतकरी किंवा शाळकरी पोर काही तासांत फुफ्फुसात पाणी होऊन दगावू शकतं. जुन्या वैद्यकीय लेखांत त्याचं नाव मेसोब्युथस टॅम्युलस असं आहे, आता त्याला हॉटेनटोटा टॅम्युलस म्हणतात.

या प्रकरणात एकच गोष्ट तपासायची आहे. १९६१ ते १९८३ या काळात पश्चिम भारतातल्या रुग्णालयांतून आलेल्या नोंदींत लाल विंचवाच्या विषबाधेनं दगावणाऱ्यांचं प्रमाण २५ ते ३० टक्के होतं. १९८४ नंतर, प्राझोसिन नावाची गोळी वापरात आल्यावर, ते १ टक्क्याच्या खाली आलं. इतका फरक खरोखर गोळीचा का? आणि असेल, तर २०११ साली महाडच्याच रुग्णांवर झालेल्या चाचणीत गोळीच्या जोडीला दिलेलं प्रतिविष नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरलं, त्याचं काय करायचं? विंचूदंशावर उपचार करणाऱ्या प्रत्येक मेडिकल ऑफिसरला हे दोन प्रश्न आजही पडतात. माझ्या मते त्यांचं उत्तर रुग्णाच्या तळपायापासून सुरू होतं.

डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. नागपूरला एमबीबीएस करून १९७६ साली ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रायगड जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. तिथं रात्री-अपरात्री विंचू चावलेली माणसं येत, आणि त्यातली काही डोळ्यांदेखत जात. पाठ्यपुस्तकांत लाल विंचवावर चार ओळींपलीकडे फारसं काही नव्हतं. जे उपचार रूढ होते त्यांत अ‍ॅट्रोपिन, स्टिरॉइड, गुंगीच्या औषधांचं मिश्रण आणि लघवी वाढवणारी इंजेक्शनं होती. रुग्ण केंद्रात यायच्या आधी बऱ्याचदा मांत्रिकाकडे विंचू उतरवून झालेला असे, त्यात तास-दोन तास गेलेले असत.

बावस्करांनी केलेलं पहिलं काम औषध शोधण्याचं नव्हतंच. ते रुग्णाजवळ बसून राहिले. घाम कधी फुटला, उलटी किती वेळा झाली, नाडी केव्हा मंद होती आणि केव्हा धावू लागली, रक्तदाब कोणत्या तासाला चढला, हातपाय कधी गार पडले, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं. या नोंदींतून १९८२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर संकट येणार आहे हे आधीच सांगणारी लक्षणं कोणती, हा त्याचा विषय. उलट्या, दरदरून घाम, तोंडाला सुटलेली लाळ, पुरुष रुग्णांत लिंगाचा ताठरपणा आणि गार पडलेले हातपाय ही ती लक्षणं. यांतलं एकही ओळखायला यंत्र लागत नाही. बिरवाडीसारख्या ठिकाणी ज्याच्याकडे फक्त स्टेथोस्कोप आणि बीपीचं यंत्र आहे, त्यालाही कोणता रुग्ण घरी पाठवायचा आणि कोणाला रात्रभर ठेवून घ्यायचं ते कळू लागलं.

त्या नोंदींतली एक गोष्ट मला विशेष वाटते. दंशाच्या जागी असह्य वेदना असलेला रुग्ण ओरडत येतो, सगळी धावपळ त्याच्याभोवती होते, पण जिवाला धोका बहुधा त्याला नसतो. विष अंगभर पसरलेल्या रुग्णाला जागेवर फारसं दुखत नाही. तो गप्प असतो, घामानं निथळत असतो, अंग गार असतं. उतार पडू लागला की त्याला पुन्हा दुखायला लागतं. नातेवाइकांना हे उलटं वाटतं आणि नव्या डॉक्टरलाही. दुखत नाही म्हणून रुग्ण बाकावर बसवून ठेवला गेला असेल, तर त्या बाकावरच त्याचा महत्त्वाचा तास जातो.

शरीरात नेमकं काय होतं ते पाहू. या विषाचा मारा चेतातंतूंच्या पडद्यातल्या सोडियमच्या मार्गांवर असतो. संदेश गेला की हे मार्ग क्षणात मिटायला हवेत. विषामुळे ते दार लावल्यासारखे लागतच नाहीत, त्यामुळे चेतातंतू पेटलेलेच राहतात. नाडी, घाम, रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेचे दोन्ही भाग एकदम खवळतात. आधी उलट्या, लाळ, घाम, मंद नाडी हा टप्पा येतो, तो थोडा वेळ टिकतो. मग अ‍ॅड्रिनॅलिनच्या कुळातल्या रसायनांचा पूर रक्तात येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हातापायांकडे रक्त पोचेनासं होतं म्हणून ते बर्फासारखे पडतात. हृदयाला या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. थकलं की रक्त मागं तुंबतं, फुफ्फुसात पाणी होतं, तोंडाला गुलाबी फेस येतो.

हे एकदा नीट समजलं की जुने उपचार का फसत होते हेही कळतं. अ‍ॅट्रोपिननं घाम आणि लाळ थांबते, बघणाऱ्याला बरं वाटतं, पण आधीच धावणारी नाडी आणखी धावते आणि वाहिन्या आवळण्याला आडकाठी उरत नाही. स्टिरॉइडचा फायदा दिसला नाही. लघवी वाढवणारं औषध उलट्या आणि घामानं आधीच कोरड्या पडलेल्या रुग्णाला आणखी कोरडं करतं. मधल्या काळात निफेडिपिनही वापरून पाहिलं गेलं. त्यानं रक्तदाब उतरला, पण नाडी वाढली आणि फुफ्फुसातलं पाणी टळलं नाही. म्हणजे फक्त रक्तदाबाचा आकडा खाली आणून भागणार नव्हतं. ज्यांच्यावर अ‍ॅड्रिनॅलिनसारखी रसायनं बसली की रक्तवाहिन्या आवळतात, त्या अल्फा ग्राहींवरच पकड हवी होती.

प्राझोसिन नेमकं तेच करतं. ते रक्तदाबाचं औषध म्हणून बाजारात आधीपासून होतं, गोळी स्वस्त होती, आणि ती तोंडानं देता येत होती. डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दांपत्यानं ती लाल विंचवाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९८६ साली लॅन्सेटमध्ये अनुभव मांडला. पुढे जी पद्धत रुळली ती अशी: मुलांना वजनाच्या दर किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, आणि हातपाय गरम होईपर्यंत दर ३ तासांनी तीच मात्रा पुन्हा. गोळी साधी हवी. हळूहळू विरघळणारी लांब पल्ल्याची गोळी इथं उपयोगाची नाही, आणि आज दुकानात तीच पटकन मिळते, ही खरी अडचण आहे. नुसतं जागेवर दुखत असेल, बाकी एकही लक्षण नसेल, तर प्राझोसिन द्यायचं नाही, वेदनाशामक पुरतं.

गोळी दिल्यानंतरच्या वेळाकडे थोडं जवळून पाहायला हवं, कारण यशापयश तिथं ठरतं. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर माणूस उठून बसला तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. म्हणून रुग्णाला ३ तास आडवंच ठेवायचं. लहान मूल असेल तर आईला स्पष्ट सांगावं लागतं की त्याला कडेवर उचलून घेऊ नका, रडलं तरी खाटेवरच थोपटा. ही सूचना केसपेपरवर लिहून भागत नाही, प्रत्येक पाळीच्या नर्सनं ती तोंडानं सांगावी लागते. उलट्या थांबल्या की पाणी आणि क्षारसंजीवनी पाजायची. रक्तदाब, नाडी, श्वास यांची नोंद होत राहते, आणि दर फेरीला कुणीतरी हाताची मागची बाजू रुग्णाच्या तळपायाला लावून बघतं. आधी घोटा कोमट लागतो, मग पाऊल, शेवटी बोटं. त्या वेळेची नोंद घड्याळ बघून व्हायला हवी.

इथं एक बारकावा आहे, तो विसरला तर नुकसान होतं. लाल विंचवाच्या विषबाधेच्या ४ श्रेणी मानतात. पहिलीत फक्त जागेवरची वेदना. दुसरीत घाम, उलट्या, गार हातपाय, चढलेला रक्तदाब हे स्वायत्त वादळ. तिसरीत फुफ्फुसात पाणी. चौथीत रक्तदाब कोसळलेला, नाडी धावती, आणि हातपाय गरम! दुसऱ्या श्रेणीत गरम होणारे हातपाय उताराची खूण, आणि चौथीत तेच गरम हातपाय आपण शेवटच्या टप्प्यावर आलो असल्याची खूण. फरक सांगतो रक्तदाब. त्यामुळे स्पर्श आणि बीपीचं यंत्र या दोन्ही नोंदी एकाच ओळीत, एकाच वेळेच्या असायला हव्यात. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या रुग्णाला अतिदक्षता विभागच हवा, तिथं सोडियम नायट्रोप्रुसाइड, डोब्युटामाइन, प्राणवायू, वेळ पडल्यास कृत्रिम श्वास लागतो. गोळीचं खरं काम दुसऱ्या श्रेणीत आहे, तिसरीकडे जाणारी वाट अडवण्याचं.

आता पुराव्याकडे वळतो. २५-३० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या खाली, ही तुलना आधीच्या आणि नंतरच्या काळाची आहे. अशा तुलनेत बऱ्याच गोष्टी मिसळलेल्या असतात. आधीच्या काळात रुग्णालयापर्यंत पोचत होते ते जास्त गंभीर असावेत, सौम्य रुग्ण घरीच राहत असतील, त्यामुळे मृत्यूंचं प्रमाण फुगलेलं दिसू शकतं. नंतर रस्ते सुधारले, गाड्या आल्या, लोक लवकर येऊ लागले. डॉक्टरांनी अ‍ॅट्रोपिनसारखी घातक औषधं देणं थांबवलं, तेवढ्यानंही काही जीव वाचले असणार. हे सगळे आक्षेप खरे आहेत आणि मी ते हलके मानत नाही.

तरीही मला प्राझोसिनचा दावा पटतो, आणि त्याला कारणं आहेत. फरक फार मोठा आहे. रुग्णनिवड आणि रस्ते यांनी प्रमाण निम्म्यावर येईल, तिसऱ्या हिश्श्यावर येईल, पण शंभरातल्या पंचवीस-तीस मृत्यूंऐवजी एकही मृत्यू न होणं एवढ्यानं घडत नाही. दुसरं, औषधाचं काम आणि विषाचं काम एकमेकांना नेमकं छेद देणारं आहे. तिसरं, एकेका रुग्णात मात्रेनंतर हातपाय गरम होतात आणि रक्तदाब उतरतो हा क्रम पुन्हापुन्हा दिसतो. अशा स्थितीत निम्म्या रुग्णांना नुसती साखरेची गोळी देऊन चाचणी घेणं कोणत्याही डॉक्टरला नैतिकदृष्ट्या शक्य नव्हतं. ते झालं नाही हे योग्यच झालं.

प्रतिविषाची गोष्ट वेगळी. प्राझोसिन विषाला हात लावत नाही, ते फक्त विषानं उठवलेलं वादळ शमवतं. प्रतिविष विषालाच बांधतं. तत्त्वतः ते सरस असायला हवं, पण जगभरचा अनुभव एकसारखा नव्हता. १९९९ साली ट्युनिशियातली ८२५ रुग्णांची यादृच्छिक चाचणी (कुणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणारी) लॅन्सेटमध्ये आली, तिथं सरसकट सगळ्या विंचूदंशांना प्रतिविष देऊन काही लाभ दिसला नाही. २००९ साली अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये १५ मुलांवर छोटी चाचणी झाली. प्रतिविष मिळालेल्या ८ पैकी ८ मुलांची लक्षणं ४ तासांत गेली, न मिळालेल्या ७ पैकी एकाची. विंचू वेगळे, विष वेगळं, रुग्णांची निवड वेगळी. यातलं काहीही उचलून महाडला जसंच्या तसं लावता येत नव्हतं. लाल विंचवासाठी मुंबईच्या हाफकिनमध्ये घोड्याच्या रक्तद्रव्यापासून प्रतिविष तयार होत होतं, त्याची परीक्षा इथल्याच रुग्णांवर व्हायला हवी होती.

ती बावस्कर दांपत्यानं महाडला घेतली, आणि २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ती छापून आली. दुसऱ्या श्रेणीचे ७० रुग्ण. चिठ्ठ्यांसारख्या यादृच्छिक पद्धतीनं ३५ जणांना प्रतिविष अधिक प्राझोसिन, ३५ जणांना फक्त प्राझोसिन. औषध दिल्यावर १० तासांनी किती जणांची लक्षणं पूर्ण गेली, हा मुख्य निकष. घाम, लाळ, गार हातपाय, ताठरपणा, रक्तदाब आणि नाडी यांतली प्रत्येक गोष्ट पूर्ववत झाली तरच रुग्ण बरा धरायचा. निकाल ठळक होता: प्रतिविषाच्या गटात ३५ पैकी ३२, म्हणजे ९१.४ टक्के. नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८, म्हणजे २२.९ टक्के. पूर्ण बरं व्हायला पहिल्या गटाला सरासरी ८ तास लागले, दुसऱ्याला १७.७ तास. प्राझोसिनच्या मात्राही कमी लागल्या.

हे आकडे वाचून पुष्कळांनी निष्कर्ष काढला की गोळीचे दिवस संपले. मला तो निष्कर्ष मान्य नाही, आणि त्याचं कारण त्याच लेखातल्या एका शांत आकड्यात आहे. उपचार सुरू असताना वरच्या श्रेणीत गेलेले रुग्ण प्रतिविषाच्या गटात ३५ पैकी ४, आणि नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ५. म्हणजे बिघडण्यापासून वाचवण्यात दोन्ही गट जवळजवळ सारखे. प्रतिविषानं बरं होणं लवकर आणलं. जीव वाचवण्यात ते पुढे आहे असं या चाचणीनं दाखवलं नाही, आणि ७० रुग्णांत ते दाखवता येणारही नव्हतं. ज्या आजारात आता शंभरात एकही दगावत नाही, तिथं मृत्यूतला फरक सिद्ध करायला हजारो रुग्ण लागतील.

आणखी एक. ही चाचणी खुली होती, कुणाला काय दिलंय हे डॉक्टरला आणि रुग्णाला दोघांनाही माहीत होतं. पाय गार आहे का कोमट, हे स्पर्शानं ठरवताना मनाचा कल नकळत आत शिरू शकतो. ९१ आणि २३ यांच्यातली दरी एवढ्यानं भरून निघणारी नाही, पण १० तासांच्या रेषेवरचे काही रुग्ण इकडचे तिकडे झाले असू शकतात. पायाच्या अंगठ्याचं तापमान मोजणारा साधा संवेदक लावून हे टाळता आलं असतं. पुढच्या कुठल्याही चाचणीत तो असावा असं मला वाटतं.

लवकर बरं होणं ही लहान गोष्ट नाही, हेही म्हटलं पाहिजे. वाडीवरून आलेल्या माणसाच्या दृष्टीनं १७ तास आणि ८ तास यांत एका दिवसाची मजुरी असते, घरी एकटी राहिलेली पोरं असतात, गोठ्यातली गुरं असतात. आरोग्य केंद्राच्या दृष्टीनं एक रिकामी खाट आणि नर्सची एक पूर्ण पाळी असते. म्हणून प्रतिविष उपलब्ध असेल तर प्राझोसिनच्या जोडीनं ते जरूर द्यावं. घोड्याच्या रक्तद्रव्याचं औषध असल्यानं अ‍ॅलर्जीची तयारी जवळ ठेवावी. पण ते शीतकपाटातून येईपर्यंत, तालुक्याहून येईपर्यंत, किंवा रुग्ण तालुक्याला जाईपर्यंत गोळी थांबवू नये. प्रतिविषाच्या शोधात बिनगोळीचा रुग्ण रुग्णवाहिकेत घालणं ही मला सगळ्यांत महागडी चूक वाटते.

जोखीम वाढवणारे घटक कोणते, या प्रश्नावर लोक विंचवाचा आकार, रंग, चंद्राची तिथी अशी उत्तरं देतात. वय हा खरा घटक आहे. लहान मुलाच्या अंगात तेवढंच विष जास्त दाट होतं. पण वय बदलता येत नाही. बदलता येण्याजोगा सर्वांत मोठा घटक म्हणजे दंश आणि पहिली गोळी यांमधला वेळ. त्याचे तुकडे पाडले तर प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी निघते. दंश ते घरातून निघणं: इथं मांत्रिक येतो, गाडी येते, रात्र येते. निघणं ते आरोग्य केंद्र: इथं रस्ता. केंद्रात पोचणं ते गोळी: इथं आपण, आपला औषधसाठा, आणि दुखत नाही म्हणून बाकावर बसवलेला तो गप्प रुग्ण. पहिले दोन तुकडे कमी करायला वर्षं लागतील. तिसरा आजच्या पाळीत कमी होऊ शकतो.

म्हणून विंचूदंशाच्या केसपेपरवर माझ्या मते ५ रकाने छापील असावेत: दंशाची वेळ, केंद्रात आल्याची वेळ, पहिल्या प्राझोसिनची वेळ, आधी बाहेर दिलेली औषधं, आणि हातपाय गरम झाल्याची वेळ रक्तदाबासह. आज बहुतेक कागदांवर फक्त ‘विंचूदंश, भरती, सुटी’ एवढं सापडतं. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या आरोग्य केंद्रांनी दोन हंगाम हे ५ रकाने नीट भरले, तर प्रतिविष नेमकं कोणाला, किती लवकर दिलं तर वरच्या श्रेणीत जाणारे ते चार-पाच जण वाचतील, याचा हिशोब मांडता येईल. ७० रुग्णांच्या चाचणीला जे जमलं नाही ते त्या नोंदींतून निघू शकतं.